बाबांना रजा कोण देणार?

मूल जन्माला आले की ऑफिसात पेढे वाटले जातात. साहेब पाठीवर थाप मारतात, सहकारी पार्टी मागतात. मात्र त्याच बापाने, ‘बायकोला दवाखान्यातून घरी आणायचे आहे, पंधरा दिवस रजा हवी,’ असे म्हटले की साहेबांच्या कपाळावर आठ्या पडतात. बाळंतपण बायकोचे झाले, याचे घरी काय काम? हा प्रश्न कधी तोंडावर विचारला जातो, कधी पाठीमागे.

पूर्वी या प्रश्नाला थोडाफार अर्थ होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. आई, काकू, आजी, शेजारपाजारच्या बायका असा मोठा गोतावळा हाताशी असायचा. कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेल्या चाकरमान्याला तर मूल झाल्याची बातमी पत्रानेच कळायची आणि बाळाचे तोंड दिसायचे ते शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी गेल्यावर. बापाचे कर्तव्य म्हणजे दरमहा न चुकता मनीऑर्डर पाठवणे, असे त्याकाळी सगळेच मानत.

आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. नवरा नोकरीसाठी पुण्यात, बायकोचे माहेर लातूरला, सासर जळगावला, असे संसार घरोघरी आहेत. बायकोची आई स्वतः नोकरी करणारी असते किंवा गुडघेदुखीने बेजार झालेली असते. सिझेरियन झालेली बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येते. तिला जड उचलायचे नसते, वाकायचे नसते. दर दोन तासांनी बाळाला पाजायचे असते. अशा वेळी दुपटी धुणे, औषधे आणणे, बाळंतिणीचे जेवण बघणे आणि रात्री रडणारे बाळ खांद्यावर घेऊन फिरणे ही कामे करायची कोणी? घरात दुसरे मोठे माणूस एकच असते, बाळाचा बाप. आणि तो सकाळी सात वाजता डबा घेऊन घराबाहेर पडलेला असतो.

कायद्यात बाप कुठे आहे?

आपल्या देशात मातृत्व लाभाचा कायदा १९६१ साली झाला. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवडे भरपगारी रजा मिळू लागली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. ही दुरुस्ती स्वागतार्हच होती. पण या कायद्यात बापाच्या रजेविषयी एक ओळही नव्हती. पाळणाघरातल्या मुलाला दिवसातून चार वेळा भेटायला जाण्याची मुभा दिली गेली, तीही फक्त आईला. मूल बापाच्या ऑफिसातल्या पाळणाघरात असेल तर त्याने काय करायचे, हा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात आलाच नसावा.

पुढे हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून घेण्यात आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगारांविषयीचे जुने कायदे गोळा करून नवी घडी बसवण्याची ही मोठी संधी होती. तरीही पितृत्व रजेला त्यात जागा मिळाली नाही.

सरकारने स्वतःच्या नोकरांसाठी मात्र हा विचार बराच आधी केला होता. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची भरपगारी पितृत्व रजा मिळते. दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या कर्मचाऱ्याला ती घेता येते. बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत कधीही ही रजा घेण्याची सोय आहे. या मुदतीत घेतली नाही तर ती बुडते. वर्षाच्या आतले मूल दत्तक घेणाऱ्या पित्यालाही पुढे ही सवलत लागू झाली.

केंद्र सरकारने २००८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजा देऊ केली. मुलांच्या आजारपणाला, परीक्षेला ती घेता येते. २०१८ मध्ये ही रजा एकट्याने मूल वाढवणाऱ्या पित्यालाही मिळू लागली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आणि पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पत्नीच्या पतीलाही तिचा लाभ दिला.

या निर्णयांमागची भावना चांगलीच आहे. पण यातून एक गोष्ट उघड दिसते. आई असताना बापाने मुलाची परीक्षा, ताप, लसीकरण बघायचे कारण नाही, असे सरकारही धरून चालते. आई नसेल तेव्हाच बाप पालक ठरतो. घरातल्या सासूबाईंचे मतही बहुधा हेच असते. नियम आणि सासूबाई एकाच सुरात बोलू लागल्या की बिचाऱ्या बापाला बदलायला वाव कुठून मिळणार?

खाजगी नोकरीतल्या बापांसाठी संसदेत एक प्रयत्न झाला होता. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडले. १५ दिवसांची रजा आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय त्यात सुचवली होती. असंघटित क्षेत्रातल्या कामगारांचाही त्यात विचार होता. ते विधेयक कायदा बनू शकले नाही. सातव यांचे २०२१ मध्ये निधन झाले.

कर्णधाराला एक न्याय, बाकीच्यांना दुसरा

लोकांचे विचार कसे बदलत गेले हे क्रिकेटच्या मैदानावर स्पष्ट दिसते. १९७६ मध्ये रोहनचा जन्म झाला तेव्हा सुनील गावस्कर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये महेंद्रसिंग धोनीला मुलगी झाली, तेव्हा तो विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात होता. तो परत आला नाही आणि देशभर त्याचे कौतुक झाले. डिसेंबर २०२० मध्ये मात्र विराट कोहली ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्ध्यावर सोडून घरी आला. त्याआधीच्याच कसोटीत अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता. देश मोठा की मूल, असा वाद रंगला. अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली मेलबर्न आणि ब्रिस्बेनला विजय मिळवून भारताने मालिका २-१ अशी जिंकली आणि तो वाद आपोआप थंडावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलाच्या जन्मासाठी रोहित शर्माने पर्थची कसोटी खेळली नाही, तेव्हा फारशी खळखळही झाली नाही.

संघ जिंकला की हरला हा वेगळा मुद्दा आहे. कर्णधार नसला तरी सामना होतो, त्याची जागा घेणारा तयार असतो, हे यातून घेण्यासारखे आहे. ऑफिसातला एक हिशेबनीस किंवा कारखान्यातला एक फिटर पंधरा दिवस नसेल तर जग बुडत नाही. बाळ कधी येणार हे सहा-सात महिने आधी कळलेले असते. एवढी आगाऊ सूचना तर राजीनाम्याचीही मिळत नाही!

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या दौऱ्यावरून कोहली परतला, त्याच दौऱ्यावर तामिळनाडूचा वेगवान गोलंदाज नटराजन होता. नोव्हेंबर २०२० मध्ये, आयपीएल चालू असताना त्याला मुलगी झाली. तिथून तो सरावात गोलंदाजी करण्यासाठी थेट ऑस्ट्रेलियाला गेला, मग संघात त्याची वर्णी लागली आणि मुलीला तो भेटला जानेवारी २०२१ मध्ये, दौरा संपवून घरी आल्यावर. कोरोनाच्या निर्बंधांमुळे मध्येच येऊन परत जाणे अवघड होते हे खरेच. तरीही नव्या, नाव नसलेल्या खेळाडूला रजा मागण्याचे धाडस झाले असते का, असा प्रश्न तेव्हा खुद्द गावस्करांनी उपस्थित केला होता.

हाच प्रश्न सगळ्या नोकऱ्यांना लागू पडतो. बड्या कंपन्यांतले वातावरण बदलते आहे. २०१९ मध्ये झोमॅटोने आपल्या कर्मचारी पित्यांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा जाहीर केली. पण दारावर गरम जेवण आणून देणारी जी मुले असतात, ती अशा कंपन्यांच्या लेखी कर्मचारी नसतात, भागीदार असतात. ज्या दिवशी दुचाकी घराबाहेर निघत नाही, त्या दिवशी कमाई शून्य. कंत्राटी सुरक्षारक्षक, गवंडी, रिक्षाचालक, दुकानातला नोकर यांचे तेच आहे. त्याच्या घरी बायको बाळंत होते त्या आठवड्यात खर्च सर्वात जास्त असतो. नेमके तेव्हाच त्याला घरी थांबणे परवडत नाही. उलट तो जादा पाळी मागून घेतो.

म्हणजे पितृत्व रजा आज कोणाला मिळते? सरकारी नोकराला आणि चांगल्या कंपनीतल्या अधिकाऱ्याला. ज्याला मदतनीस बाई ठेवणे परवडते त्याला रजाही मिळते, आणि ज्याच्या घरी दोन हातांची खरी गरज आहे त्याला ती मिळत नाही.

घड्याळाच्या काट्यावरचा बाप

रजा काही दिवसांची असते, मूल मात्र पुढे अठरा-वीस वर्षे वाढत असते. म्हणून कामाच्या तासांचा विचारही करायला हवा. बदलापूर, विरार किंवा पनवेलहून मुंबईत कामाला जाणारा माणूस दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवतो. तो निघतो तेव्हा मूल झोपलेले असते, परततो तेव्हाही झोपलेले असते. रविवारी घरात दिसणारा हा पाहुणा कोण, असे मुलाला वाटले तर नवल नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत आणि दुकाने व आस्थापनांत ९ वरून १० पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगण्यात आले. आठवड्यातून चारच दिवस काम करून तीन दिवस घरी मिळत असतील तर काही कुटुंबांना ते सोयीचेही वाटेल. पण बारा तासांच्या पाळीत दोन तासांचा प्रवास मिळवला तर त्या दिवसापुरता बाप घरातून वजाच होतो. गुंतवणूक, उत्पादन, रोजगार असे सगळे हिशेब करूनच असे निर्णय घेतले जातात. घरी वाट पाहणाऱ्या मुलाचा हिशेबही त्यात धरायला हवा.

केंद्र सरकारनेच २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, तर घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे, असे त्यात आढळले. १५ ते ५९ वयोगटात मुलांची व घरातल्या इतर माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया ४१ टक्के होत्या आणि पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास. त्या स्त्रिया रोज १४० मिनिटे देत होत्या, पुरुष ७४ मिनिटे. याचाच अर्थ पाचांपैकी जवळजवळ चार पुरुष या कामाला हातच लावत नव्हते.

यात सगळा दोष कामाच्या तासांचा नाही. घरी असूनही टीव्ही आणि मोबाइलमध्ये डोके खुपसून बसणारे बाप थोडे नाहीत. ‘मी कमावतो, बाकीचे तू बघ’ ही वाटणी अनेकांना सोयीची वाटते. पण ज्याला बाळ कसे धरायचे हेच पहिल्या महिन्यात शिकायला मिळाले नाही, तो पुढेही बिचकतोच. बाळाच्या रडण्याचा अर्थ आईला जन्मतः कळत नसतो. ती दिवसरात्र त्याच्याजवळ असते म्हणून तिला कळू लागतो. बापालाही तो तसाच कळेल, पण त्यासाठी तेवढा वेळ बाळाजवळ असायला हवे.

बायकोच्या नोकरीशीही संबंध

पितृत्व रजा ही पुरुषांची चैन आहे, असे काही बायकांनाही वाटते. प्रत्यक्षात तिचा सर्वात मोठा फायदा बायकांनाच होणार आहे. आईला २६ आठवडे आणि बापाला शून्य, अशी व्यवस्था असली की नोकरी देणारा मालक तरुण मुलीचा अर्ज हातात घेऊन विचार करू लागतो. त्यातच ज्यांना राज्य विमा योजना लागू नाही, अशा बायकांच्या रजेचा सगळा पगार मालकालाच द्यावा लागतो. नुकतेच लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत ‘पुढचा काय विचार?’ असे आडून विचारले जाते. नव्याने लग्न झालेल्या मुलाला हे कोणी विचारत नाही. मूल झाल्यावर दोघेही रजा घेणार असे ठरले, तर हा भेदभाव निदान कमी तरी होईल.

पैसा कुठून आणायचा?

लहान कारखानदार आणि दुकानदार म्हणतात की, आम्हाला हा बोजा झेपणार नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण यावरचा उपाय आपल्याच देशात आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचा विमा असतो. २०१९ पासून मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्का रक्कम भरतो. या योजनेतल्या स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेचा पगार या सामाईक निधीतून मिळतो, मालकाला तो वेगळा द्यावा लागत नाही. याच निधीतून विमा असलेल्या पित्याला पंधरा दिवसांचा पगार देण्याची तरतूद करता येईल.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठीही वाट आहे. नव्या संहितेने अशा कामगारांची दखल प्रथमच घेतली असून, त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम घेण्याची तरतूद त्यात आहे. मूल झाल्यावर दोन आठवडे दुचाकी उभी ठेवणाऱ्या बापाला या निधीतून भत्ता देता येऊ शकतो.

नुसता कायदा करून मात्र भागत नाही, हा इतर देशांचा अनुभव आहे. स्वीडनने १९७४ मध्येच आई-बाप दोघांना मिळून रजा दिली. बापांनी घ्यावी म्हणून लेनार्ट डालग्रेन या दांडग्या वेटलिफ्टरचा, हातात बाळ घेतलेला फोटो छापून प्रचारही केला. तरी बरीच वर्षे रजा बहुतेक आयाच घेत राहिल्या. मग १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवला की बापाने घेतला नाही तर तो बुडेल. हळूहळू ही मुदत वाढून आता प्रत्येक पालकासाठी ९० दिवस राखीव आहेत. घराला मिळणारी गोष्ट वाया जाते म्हटल्यावर बाप रजा घेऊ लागले.

जपानमध्ये तर पुरुषांना वर्षभराची रजा कायद्याने मिळत असूनही साहेब काय म्हणतील, या भीतीने ती कोणी घेत नसे. २०२० मध्ये तिथले पर्यावरणमंत्री शिंजिरो कोइझुमी यांनी मुलाच्या जन्मानंतर दोन आठवड्यांची रजा घेतली, तेव्हा ती मोठी बातमी झाली. नंतर सरकारने कंपन्यांवर सक्ती केली की, मूल होणार असलेल्या कर्मचाऱ्याला तुला रजा हवी का, हे कंपनीनेच विचारले पाहिजे. २०२२ मध्ये १७ टक्के पुरुषांनी रजा घेतली होती, २०२४ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले.

घराने काय करावे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्यांनाही बरेच काही करता येईल. ज्यांना रजा मिळते त्यांनी ती बारशाच्या धावपळीत उडवू नये. बाळंतपण माहेरी झाले असेल तर बायको-बाळ घरी परत येतील तेव्हा किंवा बायको कामावर रुजू होईल त्या आठवड्यात रजा घ्यावी. तेव्हा बापाची गरज सर्वात जास्त असते. सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवून अर्ज आधीच द्यावा. ज्यांना अशी रजा नाही त्यांनी गरोदरपणाच्या सुरुवातीपासूनच अर्जित रजा साठवावी आणि साहेबांना दोन-तीन महिने आधी सांगून ठेवावे.

रजा घेतल्यावर घरात पाहुणे जमवून गप्पा मारत बसायचे नसते. रात्रीची एक पाळी बापाने घ्यावी. बाळाची अंघोळ, दुपटी, औषधे यांतले एखादे काम पूर्णपणे आपले म्हणून करावे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींचे कार्ड त्याने स्वतः सांभाळावे.

घरातल्या बायकांनीही थोडे मागे सरकायला शिकावे. जावयाने किंवा मुलाने दुपटे बदलायला घेतले की, ‘राहू द्या, तुम्हाला नाही जमायचे,’ असे म्हणून ते ओढून घेतले जाते. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. स्वयंपाकघरात मुलीला शिकवताना जेवढी सवलत देतो तेवढी त्यालाही द्यावी.

सरकारने १९९७ मध्ये आपल्या नोकरांना जे दिले, ते देशातल्या प्रत्येक कामगाराला द्यायला आता वेळ लावू नये. निवडणुकीत बायकांसाठी, शेतकऱ्यांसाठी, तरुणांसाठी आश्वासने दिली जातात. बापांच्या नावाने मते मागायला अजून कोणी दारात आलेले नाही. पुढच्या वेळी उमेदवार आला तर त्याला हा प्रश्न जरूर विचारावा. घरातल्या बाईने विचारला तर आणखी चांगले, कारण रजा बाबांच्या नावावर जमा होईल, पण रात्रीची झोप तिला मिळेल.